तुळजाबाईंचे रातकिडे

वरवंडच्या बाजारगल्लीत तुळजाबाईंची पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यापासून, म्हणजे बावीस वर्षं, त्या ती एकट्याच चालवतात. गहू पोळीला हवेत की शेवयांना, हे त्या दळण आणणाऱ्या बाईच्या तोंडाकडं बघून ओळखतात, असं आमच्या गल्लीत सगळ्या कौतुकानं सांगायच्या. त्यांना कमी ऐकू येतंय म्हणून त्या ओठांकडं बघतात, हे आमच्यातल्या एकीच्याही ध्यानात आलं नाही.

ते आलं त्यांच्या सुनेच्या, सविताच्या. सविता कुरकुंभच्या एका औषधकंपनीत पॅकिंगला आहे. तिथं मशीनपाशी उभं राहायचं तर कानात इअरप्लग घालावेच लागतात, वर्षातून एकदा कानही तपासतात. घरी सासूशी पाठमोरं बोललं की उत्तर येत नाही, हे तिला दिसत होतं. पण विचारलं की तुळजाबाई म्हणायच्या, तूच तोंडातल्या तोंडात बोलतीस.

चैत्रातल्या एका संध्याकाळी दोघी अंगणात लसूण सोलत बसल्या होत्या. तुळजाबाई सहज म्हणाल्या, "यंदा रातकिडे लईच वरडत्यात."

सविताचा हात थांबला. आसपासचं रान तर कोरडं ठाक पडलेलं. "आत्या, कुठं हायत रातकिडे? मला तर काईच ऐकू येईना."

"गिरणी बंद केली की रोज वरडत्यात की. कैक वर्षं झाली."

पुढच्याच आठवड्यात सविता त्यांना दौंडला कानाच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलं, बारीक आवाज ऐकायची ताकद बरीचशी गेलीय, ती परत यायची नाही. कानातली किरकिरही पुरती जाईलच असं नाही. मात्र गिरणीत कान झाकले तर उरलंय ते टिकेल. घरात शिरल्यावर तुळजाबाई म्हणाल्या, "मला वाटायचं, सगळ्यांनाच ऐकू येत्यात."

सवितानं कानांवर घट्ट बसणारे जाड इअरमफ आणून दिले. आठ दिवस ते गिरणीतल्या खुंटीलाच लटकत राहिले. तुळजाबाईंची अडचणही खोटी नव्हती. वरचं धान्य संपत आलं की दगडाचा आवाज बदलतो. तो कळला नाही तर दगडावर दगड घासतो आणि पिठात कचकच येते. सवितानं वाद घातला नाही. सुट्टीच्या दिवशी ती गिरणीत येऊन बसली आणि म्हणाली, एकच डबा कान झाकून दळा, दगडाकडं मी लक्ष ठेवते. धान्य संपत आलं तेव्हा तिच्या आधी तुळजाबाईंचाच हात बटणाकडं गेला. इअरमफ काढून त्या म्हणाल्या, "दगड ऐकू येतो की गं. बाकीचा कालवा तेवढा गेला."

मग कुरबूर सुरू झाली लोकांची. तुळजाबाईंना गर्व झालाय, हाक मारली तरी बघत नाहीत. माजी सरपंच बापूसाहेब दारात दोनदा राम राम म्हणाले, आणि उत्तर आलं नाही म्हणून डबा उचलून चालते झाले. तुळजाबाईंनी गिरणी बंद केली, त्यांना गाठून परत आणलं, इअरमफ त्यांच्या हातात दिले आणि घाला म्हणून खुणावलं. स्वतः पदर कानांवर दाबून गिरणी सुरू केली. बापूसाहेब टोपीवर पीठ साचेपर्यंत तसेच उभे राहिले. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, हे कुठं मिळतं? दिवसभर ट्रॅक्टर चालवला की त्यांचेही कान सुन्न व्हायचे, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आता ते टोपीवरून इअरमफ चढवून नांगरट करतात. बायको हसते, पण ते काढत नाहीत.

तुळजाबाईंनी गिरणीत एक नियम केलाय. चालू गिरणीत कुणी बोलायचं नाही. काही सांगायचं असलं तर हात वर करायचा. मग त्या गिरणी थांबवून बाहेर पायरीवर येतात, कान मोकळे करतात आणि समोरचीचं बोलणं संपेपर्यंत ऐकून घेतात. त्यामुळं हल्ली काहीजणी दळण नसतानाही तिकडं जातात. मीही जाते.