दोन वाट्या, एक लाल, एक पिवळी

मी बोलायचं टाळतो, हे आधीच कबूल करतो. दूधवाल्याकडून एक पिशवी जादा हवी असली की मी दारावर दोन गाईंचं चित्र चिकटवायचो. बायकोशी भांडण झालं की शेपूट घातलेला कुत्रा काढून तिच्या पोळपाटावर ठेवायचो. कुत्रा मला छान जमायचा, त्यामुळे माफी मागायला तोंड उघडायची वेळ कधी आली नाही.

लग्नानंतर करोल बागेतली माझी खोली सोडून आम्ही नोएडात आलो. नवी सोसायटी, निम्मे फ्लॅट रिकामे. खाली पंजाबी, वर बंगाली, समोर तमिळ. रोज नव्या कंपन्या येत होत्या. मी ऑफिसात त्यांच्या जाहिरातींसाठी सरबताचे चकचकीत ग्लास काढत होतो आणि सांगलीची माझी बायको घरात भिंतींशी मराठी बोलत होती. संक्रांतीला तिने सांगून टाकलं.

"अहो, रथसप्तमीपर्यंत एक जरी बाई माझ्याकडे हळदीकुंकवाला आली, तर मी इथे राहीन. नाही तर माझं सांगलीचं तिकीट काढा. मला हिंदी येत नाही, तेव्हा घरोघरी जाऊन बोलवायचं तुम्ही."

"जातो," मी म्हणालो.

गेलो नाही. अनोळखी बायकांशी काय बोलायचं, या विचारानेच घाम फुटला. मग वाटलं, चित्र तर सगळ्या भाषांत कळतं. बारा कागदांवर तेच चित्र काढलं. एक बाई दुसरीच्या कपाळाला बोट लावते आहे. शेजारी दोन वाट्या, एकीत लाल, एकीत पिवळं. खाली आमचं दार, त्यावर आमचा नंबर, रविवारचं कॅलेंडर आणि पाच वाजलेलं घड्याळ. शब्द एकही नाही, याचा मला गर्व होता. कागद दारांखालून सरकवले आणि बायकोला सांगितलं, "सगळ्यांशी बोललो. येते म्हणाल्या."

रविवारी पाचला बेल वाजली. बायको ठेवणीतली साडी नेसून तयार होती. दारात खालच्या पंजाबी बाई, हातात रुमालात गुंडाळलेली जॅमची बाटली. त्यांच्यामागे मफलर बांधलेल्या बंगाली बाई, काखेत एक्स-रेचं पाकीट. जिन्यात आणखी पाच जणी.

बायकोचा चेहरा उजळला. तिने पंजाबी बाईंच्या कपाळाकडे बोट नेलं. त्यांनी डोळे मिटले आणि जीभ बाहेर काढली.

"बुखार नहीं है जी, बस शुगर देख लो." त्यांनी बाटली पुढे केली. "सुबह का पहला वाला है."

बायकोने ती दोन्ही हातांनी घेतली. "अगंबाई, कशाला आणायचं! सरबत का?"

"खाली ठेव!" मी ओरडलो. "आधी ते खाली ठेव!"

पंजाबी बाईंनी माझा कागद उलगडून दाखवला. "ये खून की कटोरी, ये पेशाब की. हम तो समझे मुफ़्त का कैंप है!"

सरबतं काढून काढून माझा हात तसाच वळला होता. हळदीलासुद्धा मी ओली चकाकी दिली होती.

हिंदी येत नसली तरी बायकोला कागद कळला. "सगळ्यांशी बोललात ना तुम्ही?"

मी खिशातून पेन्सिल काढली. तिने ती काढून घेतली.

"कुत्रा नको. तोंडाने."

"चुकलो."

"हिंदीत. यांनाही कळू दे."

सात बायकांसमोर माझे कान लाल झाले. "मैंने इससे झूठ बोला," मी म्हणालो. "यह बीमारी नहीं है. हल्दी-कुंकू है. त्योहार है."

पंजाबी बाई हसत हसत सोफ्यावर बसल्या त्या उठेचनात. बायकोने सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला. पंजाबी बाईंनी दोन लाडू खाल्ले. "शुगर कल देखेंगे," म्हणाल्या.

मग वाण म्हणून बायकोने प्रत्येकीच्या हातात एकेक झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा ठेवला. पंजाबी बाईंनी तो वळवून वळवून पाहिला आणि घाबरत विचारलं, "अब इसमें क्या देना है?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी सांगायला तोंड उघडलं, पण तिने हाताने मला थांबवलं. थोडा विचार केला आणि आयुष्यातलं पहिलं हिंदी वाक्य बोलली.

"कुछ नहीं देना. फिर से आना."

तिकिटाचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. पेन्सिल मात्र अजून परत मिळालेली नाही.