दोन साडू आणि एक स्ट्रेचर

त्या हॉस्पिटलात त्यांना सगळे मामाच म्हणायचे. सिस्टर मामा म्हणायच्या, डॉक्टर मामा म्हणायचे, आणि ज्याला भूल द्यायला नेताहेत तो पेशंटसुद्धा त्यांचा हात धरून "मामा, परत आणाल ना?" म्हणायचा. तीस वर्षं त्यांनी माणसं उचलली. पलंगावरून ट्रॉलीवर, ट्रॉलीवरून टेबलावर, आणि परत. तीस वर्षांत एक माणूस हातातून निसटला नाही, हा मामांचा मोठा तोरा. तसा त्यांचा दुसरा तोराही होता, पण तो काही सांगण्यासारखा नव्हता. तो म्हणजे साडूशी अबोला.

साडू त्याच हॉस्पिटलात. खालच्या मजल्यावर एक्स-रेच्या खोलीत. मामांच्या बायकोची धाकटी बहीण, तिचा नवरा. दिवसातून दहा वेळा गाठ पडायची, पण अकरा वर्षं एक शब्द नाही. मामा ट्रॉली एक्स-रेच्या दाराशी आणायचे आणि पेशंटलाच सांगायचे, "आजोबा, आत जो कोण असेल त्याला म्हणावं, डावा गुडघा दुखतोय." आतून आवाज यायचा, "आजोबा, ज्यांनी आणलं त्यांना म्हणावं, कागद कुठाय?" बिचारे आजोबा! गुडघा दुखतोय तो दुखतोय, वर यांचं टपाल पोचवायचं.

आणि भांडण कशावरून, तर कपाटावरून. सासूबाई घर बदलत होत्या. त्यांचं आरशाचं कपाट दोघे जावई जिन्यावरून उतरवत होते. वळणावर कपाट सुटलं, आरशाचा चुरा झाला. "तुम्ही आधी सोडलंत!" "मी? तू सोडलंस!" झालं. सासूबाई म्हणाल्या, "अरे बाबांनो, हे तोंड बघायला आता आरसा कशाला हवाय मला!" पण ऐकतंय कोण? जावयांचं तोंड बंद झालं ते झालं, आणि त्यांच्यापायी दोघी बहिणींचं येणं-जाणंही थांबलं. चार गल्ल्यांवर राहायच्या दोघी. बाजारात दिसल्या तर एक कांदे बघायची, दुसरी बटाटे बघायची, आणि घरी येऊन दोघी रडायच्या.

त्या वर्षी शेजारपाजारच्या देशांची फुटबॉलची स्पर्धा आपल्याकडे भरली. सात देश पाहुणे, आठवे आपण. राजधानीत मोठ्या मॅच, आणि आपल्या गावाच्या वाट्याला तीन. गावाला काय आनंद! रस्त्यांचे खड्डे बुजले, दिवे लागले. हॉस्पिटलच्या भिंतीला रंग लागला, तोही रस्त्यावरून दिसते तेवढ्याच भिंतीला. आणि हुकूम आला की मैदानावर स्ट्रेचर धरायला दोन माणसं द्या.

मोठ्या सिस्टर म्हणजे हॉस्पिटलातली फौजदारच. त्यांनी वॉर्डबॉयपासून एक्स-रेवाल्यापर्यंत सगळ्या पुरुषांना भिंतीला उभं करून उंची मोजली. स्ट्रेचर वाकडं व्हायला नको, तर दोघांची उंची सारखी हवी. आणि सारखी उंची निघाली कुणाची? या दोघांचीच!

मामा म्हणाले, "सिस्टर, दुसरा कोणीही द्या. ठेंगणा द्या, मी वाकून चालेन."

"मामा, घरची भांडणं गेटावर चपलांशेजारी काढून ठेवा," सिस्टर म्हणाल्या. "आता ऐका. पुढच्याला मागचं काही दिसत नाही. मागच्याला सगळं दिसतं. म्हणून बोलायचं मागच्यानं. उचल, चल, थांब, ठेव. आणि पावलं सारखी टाकायची नाहीत. एकाचा डावा पाय तर दुसऱ्याचा उजवा. सारखी पावलं पडली की स्ट्रेचर पाळण्यासारखं झुलतं."

"उलटी पावलं ना? ती आम्हाला येतात," साडू भिंतीकडे बघत पुटपुटला.

मागचा कोण? मामा वयानं मोठे, आवाजानंही मोठे. म्हणजे बोलायचं मामांनी.

पहिली मॅच. झाडून सारं गाव मैदानावर. कामगारांच्या घरच्यांना फुकट पास होते, म्हणून दोघी बहिणी एकाच रांगेत, मधे चार खुर्च्या सोडून. अर्ध्या मॅचला एकाच्या पोटरीत गोळा आला. दोघे धावले, त्याला स्ट्रेचरवर घेतलं. आता मामांनी "उचल" म्हणायचं. मामांच्या तोंडून शब्द निघेना. अकरा वर्षांचा गंज हो! ते नुसते खोकले. पुढच्याला वाटलं, हाच हुकूम. त्यानं उचललं. मागची बाजू अजून जमिनीवर. तो खेळाडू घसरगुंडीवरून यावा तसा सरकला आणि गवतावर बसला. दहा हजार माणसं हसली. खेळाडू उठला आणि पळत सुटला. एवढा झटपट बरा झालेला पेशंट मामांनी तीस वर्षांत पाहिला नव्हता.

मोठ्या सिस्टर मात्र हसल्या नाहीत. "मामा, त्याची मान मोडलेली असती तर?" एवढंच बोलल्या.

त्या रात्री मामा जेवायला बसले. बायकोनं ताट सरकवलं आणि म्हणाली, "अकरा वर्षं मी बोलले नाही. आज बोलते. माझी बहीण चार खुर्च्या सोडून बसली होती. तिच्या केसात पांढरं आलंय. कधी आलं, मला माहीत नाही. तुम्ही तुमचा मान सांभाळा. पण एखाद्याच्या पोराला त्यापायी पाडू नका."

दुसरी मॅच पाहुण्यांची पाहुण्यांशी. पाऊण मॅच झाली असेल. एक पोरगेला खेळाडू चेंडूमागे धावला, समोरून दुसरा आला, आणि काड्कन आवाज झाला. वरच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. पोराचा पाय नडगीत जिथे वाकू नये तिथे वाकला होता. मैदान चिडीचूप.

डॉक्टरांनी फळी बांधली, पोराला स्ट्रेचरवर घेतलं. पोराचं तोंड पांढरंफटक. त्यानं मामांचं मनगट धरलं आणि त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला. मामांना भाषा कळली नाही, पण तीस वर्षं जे ऐकत आले त्याहून ते वेगळं काय असणार?

"साडूभाऊ," मामा म्हणाले. "मी तीन म्हणतो. एक, दोन, तीन. उचल."

उचललं. एक बाजू वर नाही, एक खाली नाही.

"चल. तुझा डावा. समोर पाण्याचा पाइप आहे, पाय उंच टाक. शाब्बास. जरा उजवीकडे, तिथं चिखल आहे."

साडू ऐकत होता तसा चालत होता. मैदान मोठं, अँब्युलन्स पार पलीकडच्या टोकाला. पोरगं दिसायला सडपातळ, पण हाडानं जड. मध्यावर आल्यावर साडूची चाल मंदावली. मान न वळवता तो हळूच म्हणाला, "दादा, माझा हात सुटतोय."

दहा हजार माणसं बघताहेत, टीव्हीवर आठ देश बघताहेत. पहिल्या मॅचला हसं झालेलं.

"सुटू दे की," मामा म्हणाले. "म्हणजे सोडू नकोस! ठेवू या. सावकाश. मी म्हटल्यावर. ठेव."

ठेवलं. पोराला धक्कासुद्धा लागला नाही. लोक ओरडले, कुणी शिट्ट्या मारल्या, "दमले, म्हातारे दमले!" मामांनी लक्ष दिलं नाही. खिशातला रुमाल काढून पुढे धरला. साडूनं तळवे पुसले, रुमाल परत दिला. मग मामांनी आपलेही पुसले.

"दादा, तुमचेही घामेजलेत की."

"त्या दिवशी जिन्यावरही घामेजले होते. थांब म्हणायची लाज वाटली मला."

साडूनं दांडे पुन्हा धरले. "मलाही," तो म्हणाला.

"बरं, आता पोराकडे बघ. एक, दोन, तीन."

तिकडे रांगेत काय झालं म्हणता? स्ट्रेचर खाली टेकलं तेव्हा दोघी बहिणींना वाटलं, पुन्हा भांडले! दोघी एकदम उठल्या. मग रुमाल इकडून तिकडे गेलेला दिसला. धाकटी चार खुर्च्या ओलांडून आली, मधल्या माणसांच्या पायांवर पाय देत, आणि म्हणाली, "ताई, सरक जरा." ताई सरकली. बाजूला जागा रिकामीच होती, तरी सरकली.

पोराचा पाय डॉक्टरांनी नीट बसवला. साडूनं स्वतः फोटो काढला, उजेडापुढे धरून मामांना दाखवला. हाड सरळ बसलं होतं. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात पुन्हा खेळेल. मामांच्या बायकोनं ते ऐकलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिला सारखी बोचणी लागली होती, की आपलं भलं झालं ते कुणाच्या तरी मोडल्या पायामुळे. आता तिला मोकळ्या मनानं देवाचे आभार मानता आले.

त्याची टीम पुढच्या मॅचला दुसऱ्या गावी गेली. पोर वॉर्डात एकटं. म्हणून दोघी बहिणी रोज भेटायच्या वेळेला यायच्या. एक पलंगाच्या या बाजूला, एक त्या बाजूला. सफरचंद कापून त्याच्या हातात द्यायच्या, आणि मग त्याच्या डोक्यावरून दोघींचं सुरू व्हायचं. कुणाचं लग्न झालं, कुणाला मुलगी झाली, आई जाताना काय म्हणाली. अकरा वर्षांचं बोलणं तुंबलेलं, ते थोडंच एका दिवसात संपतंय! पोराला त्यातला एक शब्द कळायचा नाही. तो हिच्याकडे बघायचा, तिच्याकडे बघायचा, हसायचा, आणि सफरचंद खाता खाता झोपून जायचा. मग धाकटी त्याचं पांघरूण वर ओढायची, थोरली आवाज जरा खाली आणायची, आणि दोघी पुढे बोलत राहायच्या.