साधना मॅडमचा लाजाळू चमचा

रावेतजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात धातुशास्त्र शिकवणाऱ्या साधना घोडेकर मॅडमचा चेहरा इतका सोज्वळ, की खोडी त्यांनी काढली असेल असा संशय कुणाला यायचाच नाही. वडील लातूरहून पिंपरीच्या कारखान्यात आलेले, लहानपण संत तुकाराम नगरात गेलेलं. शेजाऱ्यांची बेल वाजवून पळायची ही, आणि मार खायचा धाकटा भाऊ.

पन्नाशी जवळ आली तरी त्यांचा सगळा जीव एका मिश्रधातूत अडकलेला. निकेल आणि टायटॅनियमचा. भट्टीत तापवून त्याला एक आकार शिकवायचा. थंड झाल्यावर कसाही वाकवा, ऊब लागली की स्वारी मुकाट शिकवलेल्या आकारात परत! यातून त्यांना विजेच्या गाड्यांसाठी झडप करायची होती. बॅटरी फार तापली, की झडप आपली आपण उघडेल आणि थंडावा आत सोडेल.

अडचण होती ती हिंदुरावांची. चाकणच्या एका कंपनीतले हे मोठे साहेब चाचणीला परवानगी देणार होते. पण पडद्यावर आलेख दिसले की त्यांचे डोळे मिटत. दोनदा ते झोपले. दुसऱ्या वेळी तर घोरले.

तिसऱ्या वेळी मॅडमनी प्रोजेक्टर लावलाच नाही. चहा मागवला, वाफाळता.

"साखर वेगळी ठेवलीय सर. ढवळून घ्या."

हिंदुरावांनी चमचा कपात घातला आणि तो मानेतून मुरडून बाजूला वळला, नव्या नवरीसारखा! साहेब ताडकन उठले. निम्मा चहा बशीत, निम्मा टायवर.

"आयला! हे काय हो मॅडम?"

"लाजला असेल," मॅडम गंभीरपणे म्हणाल्या.

शेजारी बसलेले कॉलेजचे प्राचार्य लालबुंद झाले. "मॅडम, पाहुण्यांची चेष्टा करता?"

पण हिंदुराव ऐकत कुठे होते? चमचा गार करून त्यांनी हाताने सरळ केला, दुसरा कप मागवला, परत बुडवला. मग तिसरा कप. झोप पार उडालेली.

"वळताना जोर किती लावतो हा? झडप उचलेल?"

"उचलेल. तेच तर आलेखांतून दोनदा सांगितलं, तुम्हाला ती अंगाई वाटली."

हिंदुराव खो खो हसले आणि तिथेच चाचणीला हो म्हणाले.

चाकणला पहिली झडप भलतीच उतावळी निघाली. बॅटरी जोडण्याआधी, दुपारच्या उन्हातच उघडून बसली. मॅडम आधी ओशाळल्या, मग स्वतःच इतक्या हसल्या की कामगारही हसू लागले. मिश्रणातलं निकेल किंचित कमी करून त्यांनी नवी झडप केली. ती मात्र बरोबर वेळेला टक्कन उघडली. त्या आनंदात मॅडमनी बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली, की अख्खी लाइन जेवणाची सुट्टी झाली समजून डबे काढायला उठली.