नावं ठेवणारं गिऱ्हाईक

मराठीत भित्र्या माणसाला भागुबाई म्हणतात. हा शब्द ज्यानं काढला तो रेवदंड्याच्या मासळीबाजारात कधी फिरकलेला नसणार. आमची भागुबाई कुणालाच भीत नाही, कारण तिचा कुणावरच विश्वास नाही. बर्फवाल्यावर नाही, वजनकाट्यावर नाही, एसटीच्या वेळापत्रकावर तर नाहीच. मोबाईलमधला हवामानवाला "समुद्र शांत राहील" म्हणाला की ती विचारते, "दर्यानं याच्या कानात सांगितलं काय?"

नवरा कान्हा स्वतःच्या होडीतून मासळी आणतो. तीसुद्धा ती कल्ला उचलून, आत लाल आहे की नाही ते बघितल्याशिवाय पाटीत घेत नाही.

"अगो, माझ्याच जाल्यातली हाय ती!" कान्हा एकदा कळवळून म्हणाला.

"म्हनून तं बघते," भागुबाई म्हणाली.

मी चौलचा, तिचं जुनं गिऱ्हाईक. माझी नोट ती उन्हाला धरून बघते. एकदा मी सुटी नाणी दिली, तर तीही तिनं सवयीनं उन्हाला धरली.

मात्र एका गोष्टीवर तिची श्रद्धा आहे. ती म्हणते, "जो मासळीला नावं ठेवतो तो घेतो. जो 'वा, काय ताजी हाय' म्हनतो तो पुढच्या पाटीवर जातो." मला हे कळलं तेव्हापासून मी तिची पापलेटं बारीक, बांगडे बसक्या डोळ्यांचे आणि कोलंबी निव्वळ साल असल्याचं तोंडावर सांगत आलोय. ती खूश होते, मी पिशवी भरून नेतो, आणि घरी आम्ही बोटं चाटत जेवतो.

तिची एकुलती मुलगी किशोरी. लहानपणी ही पोरगी विटेच्या तुकड्यानं मासळी वाळवायच्या ओट्यावर लाटा काढायची आणि त्या लाटांवर सुकट पसरली म्हणून आईशी भांडायची. "पाटी माज्या डोक्यावर आली, पोरीच्या येयाची न्हाय," एवढं भागुबाईनं ठरवलं होतं. किशोरी मुंबईला चित्रकला शिकली आणि कार्टून सिनेमे बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. तिथं तिला आख्ख्या सिनेमाचा समुद्र काढायला दिला.

सिनेमाचं नाव 'बोंबील बहाद्दर'. एक बोंबील कमरेला तलवार बांधून हरवलेल्या बापाच्या शोधात सात समुद्र पालथे घालतो, अशी ती कौटुंबिक गोष्ट. ही गोष्ट ज्याला सुचली त्यानं बोंबील फक्त ताटात, रवा लावून तळलेला बघितला असावा. बोंबील हातात धरला तर ओल्या पंच्यासारखा दोन्हीकडे लोंबतो. हा बहाद्दर मात्र पडद्यावर शेपटीवर ताठ उभा राहून भाषण करत होता.

पहिल्याच रविवारी भागुबाईनं आख्खी आळी टेम्पोत भरून अलिबागच्या थिएटरात नेली. मलाही बसवलं.

"यानं काठी गिललीया काय?" बहाद्दर उभा राहिल्याबरोबर ठमी म्हणाली. ठमी म्हणजे बाजारातली भागुबाईच्या शेजारची पाटी. दोघींचं भांडण आणि दोघींची मैत्री एकाच वयाची. पुढं बहाद्दर खडकावर बसून "बाबा, तुम्ही कुठं आहात?" असं रडायला लागला, तेव्हा ठमीनं अंधारातून सांगितलं, "अरे, वलांडीवर बघ! थयं वालत असंल!" बोंबील वाळत घालायची बांबूची वलांडी आमच्याकडे दारोदार. सिनेमातल्या सगळ्यात हळव्या जागेवर आख्खी आळी हसून लोळली. मध्यंतरात एका पोरानं आनंदानं विचारलं, "संपला?" नाही म्हटल्यावर ते रडायला लागलं.

खरी गंमत बाहेर आल्यावर. मुंबईहून आलेली किशोरी थिएटरच्या दारात उभी होती. जो तो तिच्याजवळ जाऊन "झकास हाय गो" म्हणत होता. मीही "समुद्र छान होता" असं पुटपुटलो. शेवटी ठमी आली. जन्मात हिनं कशाला चांगलं म्हटलेलं नाही, स्वतःच्या सुनेला नाही की सुनेच्या हातच्या कालवणाला नाही. ती म्हणाली, "चांगला होता गो पिच्चर."

भागुबाईचा चेहरा उतरला. टेम्पोत ती माझ्या कानाशी वाकली. "भाऊ, ठमी चांगला म्हनली. म्हंजे पिच्चर मेला."

आणि तो मेलाच. आठवड्याच्या आत थिएटरवाल्यांनी बहाद्दराला खाली उतरवून तिथं मारामारीचा सिनेमा लावला. एका वर्तमानपत्रानं लिहिलं, 'मुलांना दाखवावा, पण दार बाहेरून लावून घ्यावं.' इंटरनेटवर कुणी लिहिलं, 'बोंबील पाण्यात, पैसेही पाण्यात.' किशोरीनं हे सगळं वाचलं. मग ती चार दिवसांच्या रजेवर म्हणून घरी आली आणि परत जायचं नावच काढीना. कागद नाही, पेन्सिल नाही. सकाळी उठून आईबरोबर बाजारात यायची आणि खाली मान घालून कोलंबी सोलत बसायची.

"आये, मी इथंच बसत जाईन," एक दिवस ती म्हणाली. "मला जमतंय हे."

खरं म्हणजे तिला जमत नव्हतं. सोललेल्या कोलंबीपेक्षा सालंच जाड निघत होती. पण गावाला दरडावणारी भागुबाई पोरीच्या हातातल्या कोलंबीकडे बघत राहिली, आणि तेवढ्यापुरता तो मराठी शब्द तिला लागू पडला. ती घाबरली होती.

मग सिनेमा ओटीटीवर आला, म्हणजे ज्याच्या त्याच्या मोबाईलवर आणि टीव्हीवर. पंधरवड्यात किशोरीच्या साहेबांचा, केतनचा, फोन आला. लहान मुलांच्या सिनेमांत 'बोंबील बहाद्दर' देशात पहिल्या नंबरावर आहे, दुसरा भाग करायचा ठरतोय, तू परत ये.

"दया येतेय त्यांना माझी," फोन ठेवून किशोरी म्हणाली. "ज्याला लोक शिव्या घालतात तो पहिला कसा येईल?"

भागुबाईला तर पोरीपेक्षाही जास्त संशय. "जी पाटी सकाली कुत्र्यानं हुंगली न्हाय, ती संध्याकाली रिकामी?" ती मला म्हणाली. "भाऊ, यात कुनाचातरी हात हाय."

तिनं तपास सुरू केला. पहिला संशय अर्थात नवऱ्यावर. कान्हा हल्ली होडीवर जाताना डब्याच्या आधी चार्जर घेत होता. एका दुपारी ती न सांगता धक्क्यावर गेली. कान्हा होडीत बसून जाळं शिवत होता. त्याच्या पाठीमागं पाण्याच्या कॅनला टेकवलेला मोबाईल, आणि मोबाईलवर बहाद्दर भाषण करत होता. श्रोत्यांत एक कावळा.

"अवो, ह्ये काय?"

कान्हा दचकला. "चालू ठेवलाय."

"बघतंय कोन?"

"कोन कशाला बघाया पायजे? नंबर वर जातो म्हनं." मग जाळ्याकडे बघतच तो म्हणाला, "नामाच्या होडीवर पन लावून दिलाय. आनि त्या पलीकडच्या तिघांच्या. जालं टाकून ठेवायचं, मंग घावंल ते घावंल."

दुसऱ्या दिवशी बाजारात, किशोरी बर्फ आणायला गेलेली बघून, भागुबाईनं मला बाजूला घेतलं. "भाऊ, पाच होड्यांनी देशात पयला नंबर येतो काय?"

मी हसलो. "देशात लाखो घरं आहेत, भागुबाई. पाच होड्यांनी पाचशेवा नंबरसुद्धा यायचा नाही."

"मंग कोन बघतंय ह्यो पिच्चर?"

मी विषय बदलून बोंबलांचा भाव विचारला. शिळ्या माशावर बर्फ टाकून तो ताजा म्हणून मीच विकलाय, अशा नजरेनं तिनं मला न्याहाळलं. मी त्या दिवशी नावं न ठेवताच बोंबील घेतले, त्यामुळे तिचा संशय आणखी वाढला.

तेवढ्यात बर्फ घेऊन किशोरी आली, आणि तिच्या पाठोपाठ कमरेवर हात ठेवून ठमी.

"ए किशोरे! तुज्या त्या मेल्या बोंबलानं माजं घर बुडवलंय!"

"काय झालं, मावशी?"

"नातवंडं त्यो लावल्याबिगर घास घेत न्हायत! सकाली त्योच, दुपारी त्योच, संध्याकाली पुन्ना त्योच! त्ये गानं माज्या डोक्यात भुंग्यावानी फिरतंया. आनि त्यो कासवआजा! पयल्यांदा येतो तवा पाठ तांबडी, दुसऱ्यांदा हिरवी! मधी रंगवून घेतली काय? आनि तुजा दर्या! आपल्या खाडीच्या तोंडाला पानी असं निलं असतं काय गो? गढूल असतं, चायवानी! तू जल्मलीस कुटं? सिमल्यात?"

इतके दिवस सिनेमाबद्दल चकार शब्द न काढलेली किशोरी एकदम उसळली. "मावशी, मी गढूळच काढलं होतं! त्यांनी मला निळं करायला लावलं!"

"लावलं आनि तू केलंस?"

किशोरी लालबुंद झाली. भागुबाईचा भाव लिहायचा मार्कर तिनं उचलला, बर्फाच्या थर्माकोलच्या पेटीचं झाकण उलटं केलं आणि रागारागानं खाडीचं तोंड काढायला लागली. "हे बघा, भरती इथून चढते. इथं खाडीचं गढूळ पाणी तिला भिडतं. अशी रेघ दिसते मध्ये. मला हे दाखवायचं होतं!"

"हां," ठमी वाकून म्हणाली. "पन लाट थयं मोडत न्हाय. हिकडं मोडते."

"ओहोटीला. भरतीला इथंच."

"मला शिकवतेस?"

दोघींची डोकी झाकणावर. माझ्या पिशवीतले बोंबील बहाद्दरासारखं न उभं राहता, रीतीप्रमाणे लोंबत होते. भागुबाई माझ्याकडे सरकली.

"भाऊ, ठमी नावं ठेवतेय."

"ऐकतोय."

"कासवाच्या पाठीचा रंग ठाव हाय तिला. नुसती नातवंडं न्हायत, ही पन बघते." तिचे डोळे चमकले. "पिच्चर इकला गेला, भाऊ. घराघरात अशी एक ठमी असंल."

त्याच वेळी किशोरीचा फोन वाजला. हाताला मासळी आणि शाई, म्हणून तिनं कोपरानंच स्पीकर लावला. केतन होता.

"किशोरी, आज सांग बाई. तुझं काम अप्रतिम आहे! तुझ्यासारखा समुद्र कुणी काढूच शकत नाही. आम्हा सगळ्यांना..."

भागुबाईचे डोळे बारीक झाले. "ठेव फोन," ती कुजबुजली. "ह्यो घेयाचा न्हाय."

किशोरीनं आईकडे बघितलं, मग झाकणावरच्या लाटेकडे. "सर, कौतुक राहू दे. काय चुकलं ते सांगा."

बाजारातल्या बायकांनी सुऱ्या थांबवल्या.

"खरं सांगू?" केतनचा आवाज खाली आला. "गोष्ट लंगडी होती. बोंबील उभा केला ही माझी चूक. आणि तुझा समुद्र... सुंदर होता गं, पण कॅलेंडरवरच्यासारखा. ओला नाही वाटला."

किशोरीला ते लागलं. ती तोंड उघडणार तोच भागुबाईनं पाटीवर थाप मारली.

"आता बोल्ला! ह्यो घेतो!" आणि फोनवर वाकून, गिऱ्हाइकाला घालतात तशी हाक घालून म्हणाली, "दादा, पोरगी सोमवारी येल! पन पानी गढूल ऱ्हाईल. कबूल असंल तं बोला, न्हायतर पुढं व्हा!"

"कोण बोलतंय?"

"पाटीवाली!"

केतन जरा घुटमळला. "अहो, पण गढूळ पाण्यात बोंबील दिसणार कसा?"

भागुबाईनं फोनवर हात धरला. आनंदानं तिचा आवाज फुटत होता. "बघ, बघ किशोरे, अजून नावं ठेवतोय!"

"दिसेल, सर," किशोरी म्हणाली. "मी दाखवते. सोमवारी येते."

सोमवारी ती गेली. केतनसाठी भागुबाईनं सुके बोंबील बांधून दिले आणि निरोप दिला, "आदी ह्यातला येक उभा करून बघ म्हनावं."

थर्माकोलचं ते झाकण आता तिच्या पाटीमागं उभं असतं. येणारी-जाणारी प्रत्येक कोळीण लाट कुठं मोडायला हवी होती ते सांगून जाते, आणि भागुबाई "व्हय, व्हय" करत ऐकून घेते. परवा मी न राहवून म्हणालो, "भागुबाई, चित्र फार सुरेख आहे हो."

तिनं झाकण उलटं फिरवून भिंतीकडे केलं. "घेयाचं न्हाय ना, भाऊ?" माझ्याकडे संशयानं बघत ती म्हणाली. "मंग पुढं व्हा."