आबांच्या आवाजामागची धून

विद्याधर भाऊजी गेल्याचं मला मेट्रोत कळलं. मी त्यांच्याकडेच निघाले होते. मयूर विहारहून द्वारकेला थेट गाडी आहे, मध्ये बदलावी लागत नाही. निवृत्तीनंतर तिथे फ्लॅट घेताना त्यांनी हेच कारण सांगितलं होतं, वहिनींना, म्हणजे मला, जिने चढ-उतार नकोत. जनकपुरी मागे पडलं आणि फोन वाजला. त्यांच्या शेजारच्या नायरबाई होत्या. "दीदी, आप सीधे हॉस्पिटल आइए," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजावरूनच मी समजले. मांडीवरच्या पिशवीत अळूवड्यांचा डबा होता, अजून कोमट. तो दोन्ही हातांनी धरून मी उरलेली स्टेशनं बसून राहिले... हृदय थकलंय हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ते स्वतः सगळ्यांना सहज सांगत. तरी त्या दिवशी निघताना हे माझ्या मनात आलं नव्हतं.

आज त्याला काही आठवडे झाले. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. पाळण्यात असतानाच तापात त्यांची दृष्टी गेली. अंधशाळेत शिकले, एम.ए. झाले, दिल्लीतच एका मंत्रालयात अनुवादाचं काम केलं, लग्न केलं नाही. श्रद्धांजली सभेत ऑफिसातली माणसं त्यांच्या हिंदीबद्दल, विनोदाबद्दल, कुणाच्याही आधाराशिवाय शहरभर फिरण्याबद्दल बोलली. ते सगळं खरंच आहे. पण आयुष्यातली कितीतरी वर्षं ते एका धुनेचा शोध घेत होते, हे त्या सभेत कुणाला ठाऊक नव्हतं. ती सिनेमातली धून नव्हती, कुठलं गाणंही नव्हतं. टीव्हीवर खेळांची क्षणचित्रं दाखवताना मागे जे संगीत वाजतं, त्यातलाच तो एक तुकडा.

मी लग्न होऊन कराडहून दिल्लीत आले तेव्हा आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. माझे पती अरविंद, भाऊजी आणि सासरे. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, तरुणपणी पलटणीच्या हॉकी संघात खेळलेले. घरात त्यांचा आवाज क्वचित ऐकू यायचा. चहा हवा असला तरी कप पुढे सरकवायचे, बस्. सासूबाई आधीच गेल्या होत्या आणि तिन्ही पुरुष एकमेकांशी जेमतेम कामापुरतं बोलत. मला वाटलं, या घरात मी बोलायलाच विसरेन.

पहिल्याच रविवारी संध्याकाळी टीव्हीवर खेळांचा साप्ताहिक कार्यक्रम लागला. समालोचन चालू होतं तोवर दोघं बाप-लेक शेजारी शेजारी गप्प बसले होते. मग समालोचकाचा आवाज थांबला आणि आठवड्यातल्या सामन्यांची क्षणचित्रं सुरू झाली, नुसती चित्रं आणि मागे संगीत. पुढे तुतारीसारखं काहीतरी, खाली ढोलकांचा संथ ठेका. आणि त्याच क्षणी आबा बोलायला लागले. "आला बघ उजवीकडनं... एकाला हुकवलं... दुसरा आडवा आलाय, पण हा थांबतोय, विदू, घाई करत नाही..." माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. हाच माणूस का हा, असं झालं मला. समालोचक गप्प झाला की आपल्या मुलाला दिसायचं बंद होतं, हे त्यांनी कधीतरी ओळखलं होतं आणि तेवढी जागा ते स्वतःच्या आवाजाने भरत होते. धून संपली, समालोचक परत आला, आबा पुन्हा गप्प.

अरविंद त्या वेळी खोलीत नव्हता. क्षणचित्रं लागली की तो उठून व्हरांड्यात जायचा. का, ते मी विचारलं नाही. नव्या घरात सगळंच विचारता येत नाही.

काही वर्षांनी आबा गेले. दिवसकार्य उरकलं, पाहुणे परतले, आणि पुढच्या रविवारी भाऊजींनी नेहमीच्या वेळी उठून टीव्ही लावला. अरविंद बाहेर गेला. मी मटार सोलत बसले होते. समालोचन थांबलं, ती धून सुरू झाली आणि भाऊजींनी मान किंचित डावीकडे कलती केली... आबांच्या खुर्चीकडे. खुर्ची रिकामी आहे हे त्यांना माहीत होतं, पण मानेला सवय होती. मला ते बघवेना. मी म्हणाले, "निळ्या कपड्यांतला एक माणूस पळतोय. त्याच्या मागे बरेच जण पळतायत. आता तो पडला." भाऊजी हसायला लागले. आबा गेल्यावर त्या घरात पहिल्यांदाच कुणी हसलं होतं. "वहिनी, तो पडला नसेल, त्याला पाडला असेल," ते म्हणाले. तेव्हापासून दर रविवारी आबांचं काम माझ्याकडे आलं. हॉकीतलं मला काही कळत नव्हतं. त्यांनीच शिकवलं. ज्यांनी मैदान कधी पाहिलं नाही त्यांनी मला मैदान समजावून सांगितलं.

मग त्या कार्यक्रमाचं रूप बदललं. नवा निवेदक आला, संगीतही नवं आलं, झगमगीत. मी बोलत होते, पण भाऊजींचं लक्ष नव्हतं. दोन-तीन रविवार असेच गेले. एकदा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन ते म्हणाले, "वहिनी, आबांचा आवाज मला आता नीट आठवत नाही. ती धून लागली की आठवायचा."

आबांच्या आवाजाची कुठली टेप नव्हती. तुमच्या-माझ्याकडे गेलेल्या माणसाचा निदान फोटो असतो. त्यांच्याकडे ती धून होती आणि आता तीही गेली होती. शोध सुरू झाला तो असा.

सुरुवातीला वाटलं, यात काय कठीण आहे. करोल बागेतल्या कॅसेटच्या दुकानांत आम्ही दोघं गेलो. भाऊजी काउंटरला टेकून धून गुणगुणायचे, दुकानदार अदबीने ऐकून घ्यायचे आणि बँडबाजाच्या कॅसेट पुढे ठेवायचे. पुढे आम्ही मयूर विहारला राहायला आलो, तिथे भाटियासाहेब भेटले. टीव्हीत ध्वनिविभागात नोकरी करून निवृत्त झालेले सरळ, प्रेमळ गृहस्थ. भाऊजींनी त्यांना धून ऐकवली आणि त्यांचा चेहरा उजळला. "हां जी, यही थी. मैंने ही लगाई है कितनी बार." पण नाव विचारल्यावर त्यांनी हात पसरले. "इसका कोई नाम था ही नहीं." त्यांनी समजावलं की असलं संगीत बाजारात येत नसे. परदेशातल्या कंपन्या ते खास टीव्हीवाल्यांसाठी तयार करून घेत आणि तबकड्यांचे गठ्ठे पाठवत. वर लिहिलेलं असे, धावपळ, विजय, दुःख, समुद्रकिनारा. हवा तो तुकडा कापून लावायचा. रचना कुणाची, वाजवलं कुणी, याची कुणी चौकशी करत नसे. आणि त्या तबकड्या? त्या कधीच मोडीत गेल्या होत्या. परतताना जिन्यात भाऊजी म्हणाले की निदान ती धून आपण मनाने रचलेली नाही, एवढं तरी कळलं. त्यांना ती भीती वाटत होती, हे मला तेव्हा समजलं.

मग मध्ये बरीच वर्षं तशीच गेली. नोकरी, आमच्या मुलीचं शिक्षण, तिचं लग्न. भाऊजी द्वारकेला गेले. पुढे पडद्यावरचं वाचून दाखवणारा, बोलणारा फोन त्यांच्या हाती आला आणि इंटरनेटवर त्यांना जगभरातली असलीच माणसं सापडली. कुणी लहानपणी पाहिलेल्या सायकल शर्यतीच्या मागचं संगीत शोधतोय, कुणी फुटबॉलच्या निकालांमागचं. मला हे सगळं गमतीचं वाटायचं, पण भाऊजी सांगायचे की या लोकांना आपली ओळख करून द्यावी लागत नाही. त्यांनी ती धून हार्मोनियमवर वाजवून तिथे पाठवली. लोक आपापले अंदाज पाठवत. मी गेले की ते मला ऐकवत, पण पहिल्या दोन सुरांतच त्यांची मान हलायची. नाही. कधी एखादी इतकी जवळची निघे की ते उठून उभे राहत, आणि मग पुन्हा खाली बसत. दुसऱ्यांच्या धुनी मात्र त्यांनी बऱ्याच शोधून दिल्या. त्यांचा कान तसा होता.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. "वहिनी, सापडली. या." बस्, एवढंच.

सापडली ती युरोपातल्या एका छोट्या शहरातल्या वृद्ध बाईंमुळे. त्यांचे दिवंगत पती अशा रेकॉर्डिंगच्या वाद्यवृंदांत ट्रंपेट वाजवायचे. आज एक तुकडा, उद्या दुसरा, पुढे त्याचं काय होतं ते त्यांनाही माहीत नसे. बाईंच्या नातीने हार्मोनियमवरची धून त्यांना ऐकवली आणि त्यांनी नवऱ्याचा तो तुकडा ओळखला, घरी त्याचा सराव ऐकून ऐकून पाठ झालेला. घरात जपलेल्या तबकडीवरून त्यांनी पूर्ण धून पाठवली होती. भाऊजींनी त्यांना कळवलं की तुमच्या यजमानांच्या ट्रंपेटवर दिल्लीत एक सुभेदार दर रविवारी बोलायचे. बाईंनी विचारलं, काय बोलायचे? भाऊजींनी जमेल तसं इंग्रजीत भाषांतर करून पाठवलं. मला सांगताना म्हणाले, "इतकी वर्षं सरकारचा अनुवाद केला, पण हा सगळ्यात अवघड गेला."

धून त्यांनी अजून ऐकली नव्हती. माझ्यासाठी थांबले होते. दुपारची वेळ होती. मला त्यांनी खुर्चीवर बसवलं, स्वतः हार्मोनियमजवळ जमिनीवर बसले आणि फोनला स्पर्श केला. सुरुवात अनोळखी होती, नुसता ढोलकांचा ठेका. मग ट्रंपेट आलं... आमचा तुकडा. आणि भाऊजी बोलायला लागले. "आला बघ उजवीकडनं... हुकवलं... थांबतोय, विदू, घाई करत नाही..." शब्द आबांचे, सूरही आबांचाच, तो साताऱ्याकडचा हेल, जो भाऊजींच्या बोलण्यात कधीच नव्हता. मी तोंडावर पदर धरून बसले.

टीव्हीवर धून जिथे कापली जायची ती जागा आली आणि गेली. संगीत पुढे चालूच राहिलं. इथून पुढचं आम्ही दोघांनीही कधी ऐकलं नव्हतं. ट्रंपेट हळू झालं, खाली व्हायोलिनं आली. भाऊजींचे शब्द संपले. त्यांनी मान डावीकडे कलती केली, माझ्याकडे. "पुढं सांगा ना, वहिनी," ते म्हणाले.

समोर टीव्ही नव्हता, सामना नव्हता. मी दिसत होतं ते सांगायला लागले. "खिडकीबाहेर विमान उतरतंय, भाऊजी. चाकं बाहेर काढलीत. समोरच्या गच्चीवर एक बाई लोकरीचे कपडे वाळत घालतेय. ऊन आत आलंय, तुमच्या गुडघ्यापर्यंत. तुमचा हात भात्यावर आहे. कानाजवळचे केस पांढरे झालेत. तुम्ही मान अशी कलती केली की अगदी आबा दिसता."

धून संपली. त्यांनी फोन बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मी आबांसारखा दिसतो?"

"हुबेहूब."

"हे मला कुणी कधी सांगितलं नाही."

आमच्यापैकी प्रत्येकाला वाटलं असणार की दुसऱ्याने कधीच सांगितलं असेल. ते हाताने आपला चेहरा चाचपत राहिले, कपाळ, नाक, हनुवटी, सावकाश, ओळखीच्या माणसाचा चेहरा चाचपावा तसा. त्यानंतर त्यांनी ती धून पुन्हा फारशी लावली नाही. त्याची गरज पडत नाही, म्हणाले.

गेल्या आठवड्यात मी आणि अरविंद त्यांचा फ्लॅट आवरायला गेलो. दिवसभर आम्ही कपडे, भांडी, ब्रेल पुस्तकांचे जाडजूड ठोकळे बांधत होतो. दुपारचा चहा झाल्यावर अरविंद म्हणाला, "ती धून तुझ्या फोनवर आहे ना? लाव." मी लावली. तो पहिल्यांदाच ती बसून ऐकत होता. आमचा तुकडा येऊन गेला. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आबा माझ्याशी एवढं कधी बोलले नाहीत गं." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. धून शेवटपर्यंत वाजली, तो उठून गेला नाही.

संध्याकाळ झाली. आतल्या खोलीतलं कपाट राहिलं होतं, म्हणून अरविंदने तिथलं बटण दाबलं. दिवा लागला नाही. स्वयंपाकघरातलाही लागला नाही. बघितलं तर कुठल्याच खोलीत बल्ब नव्हता, सगळे होल्डर रिकामे. भाऊजींना त्यांचा काय उपयोग? फक्त हॉलमधला दिवा लागला, मी बसायचे त्या खुर्चीच्या बरोबर वर. नायरबाई चावी घ्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या की मी यायचे त्या प्रत्येक दिवशी सकाळी भाऊजी त्यांचं दार वाजवायचे. आत येऊन बटण दाबायचे आणि विचारायचे, "देखिए ज़रा, लाइट जल रही है न? आज वहिनी आएँगी."

आम्ही सामान खाली नेलं. कुलूप लावण्याआधी अरविंदने हॉलमधल्या दिव्याच्या बटणाकडे हात नेला, मग माझ्याकडे बघितलं आणि हात मागे घेतला.