गौसनं गिळलेला घोट

जुलेखाबीचं तोंड फाटकं, हे कुंभारीच्या अलीकडल्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक. पण घरातली बाई गेली की तिच्याकडंच पळत यावं लागायचं. वस्तीतल्या मुसलमान बायकांची मय्यत तीस वर्षं तीच धूत होती. धुण्याआधी ती पाणी पारखायची. रंग, वास, चव. घाणीनं यातलं एक जरी बिघडलं तरी त्या पाण्यानं गुस्ल, म्हणजे मयताची शेवटची आंघोळ, होत नाही, असं ठणकावून सांगायची. कुणाची भीडबीड नाही.

गौसशी तिचं वाकडं आलं ते पाण्यावरूनच. त्याचा सूत रंगवायचा कारखाना वर, माळाच्या उतारावर. ओढा त्याच्या भिंतीला घासून खाली येतो आणि वस्तीच्या विहिरीपाशी वळतो. विहीर दहा पावलांवर, म्हणजे ओढ्यात सुटेल ते झिरपून विहिरीत. आणि या मेल्यानं भिंतीतून पाइप काढला तो थेट ओढ्यात! दोन वर्षांत विहिरीचं पाणी तांबूस झालं, मग त्याला कुजका वास सुटला. पोरांच्या अंगावर चट्टे उठले. जुलेखाबी दर जुम्म्याला त्याच्या फाटकात उभी राहून शिव्या घालायची आणि तो म्हणायचा, "पाणी चांगलं हाय, खाला. उगा बोंबलू नका."

एका सकाळी गौसची आई झीनतबी वारली. सून फिरदोस बोलवायला आली तशी जुलेखाबी निघाली. अंगणात चाळीसेक माणसं, आणि कोपऱ्यात शहरातून आणलेले पाण्याचे वीस जार. ते बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे कशाला रं? विहीर हाय की."

तिनं स्वतः विहिरीवर जाऊन बादली भरून आणली आणि तांब्या त्याच्यापुढं धरला. "चांगलं हाय म्हंतोस न्हवं? पी."

सगळी वस्ती बघत होती. गौसनं डोळे मिटून एक घोट घेतला, गिळला, तोंड पुसलं. "चांगलं हाय," तो म्हणाला.

"झालं तर मग! फिरदोस, उचल बादली. ह्याच पाण्यानं धुवू तुझ्या सासूला."

फिरदोस जागची हलली नाही. गौसनं धावत येऊन बादलीची कडी धरली. "नको, खाला."

"का नको?"

"घाण हाय ते."

"मोठ्यानं बोल की!"

"घाण हाय!" तो ओरडला आणि तिथंच बसून ढसाढसा रडायला लागला.

जुलेखाबीला त्याची जराही दया आली नाही. झीनतबीवर मात्र तिचा राग नव्हता. जारच्या पाण्यानं तिनं तिला हळुवार हातानं धुतलं, कफन घातलं.

गौस सुधारेल असं लोकांना वाटलं. कसलं काय! चौथ्या दिवशी ओढा पुन्हा लाल. जुलेखाबीनं आठ बायका गोळा केल्या, भर दुपारी मातीची पोती पाइपात कोंबली आणि वरून सिमेंट थापलं. गौस धावत आला. "पोलिसात देतो एकेकीला!"

"जा की," ती हात झाडत म्हणाली. "चाळीस जणांनी ऐकलंय तुझं. आमी बी येतो, त्यास्नी पण सांग, हे पाणी आईला का चाललं न्हाय ते."

गौस जागचा हलला नाही. त्याच्या पाठीमागं, बुजलेल्या पाइपामुळं आत तुंबलेलं लाल पाणी कारखान्याच्या पायऱ्या चढत होतं.