जुलेखाबीचा भराव

हसनमियां डोझरच्या पात्यासमोर हात पसरून उभे होते, आणि आमचा ऑपरेटर दामू मशीन बंद करायला तयार नव्हता. बंद केलं की ते धूड पुन्हा सुरू करायला अर्धी सकाळ जायची. शेवटी मला हाक आली. मी पदर खोचला आणि उतार चढले.

आमचा डोझर मोठ्या लढाईनंतर लष्कराने काढलेल्या लिलावातला. पुढे लोखंडी पातं, खाली चाकांऐवजी पट्टे. आमच्या ह्यांनी तो घेतला आणि थोड्या वर्षांनी दुसऱ्याच्या मशीनवर घाटावर धरणाच्या कामाला गेले. मागे उरलो डोझर, दामू आणि मी. डिझेल, गिऱ्हाईक, दामूची भाकरी, सगळं माझ्याकडे. शाळा माझी चौथीपर्यंत. बाकीचं त्या मशीनपाशी बसून शिकले. म्हसळ्याहून श्रीवर्धनकडच्या रस्त्याचं काम चालू होतं. ते बंद असेल त्या दिवशी आम्ही आसपासची छोटी कामं घ्यायचो. कुणाची वाडी लेव्हल कर, कुणाला घरासाठी जागा करून दे. पट्ट्यांनी रस्त्याची खडी उखडायची, म्हणून मशीन शेतांच्या कडेकडेने न्यायचं.

हे काम जुलेखाबीचं. खाडीच्या तोंडाशी उतारावर घरासाठी सपाट जागा हवी होती. तिचे मालक याकूबमियां समुद्रावरच्या मोठ्या बोटीवर सारंग, खलाशांचे मुकादम. येत्या पावसाळ्यात लाँच बंद राहणार होत्या; त्या पुन्हा सुरू झाल्या की ते रजेवर यायचे होते. हसनमियां तिचे धाकटे दीर, बांधकाम तेच बघणार.

उतारावर जागा करायची म्हणजे वरची माती कापायची आणि खाली लोटायची. मागे उरते ती कापणी, पुढे तयार होतो तो भराव. कापणीची जमीन मुळातलीच, घट्ट. तिथे आज जोतं घातलं तरी चालतं. भरावाची माती मोकळी असते, ती हळूहळू खाली बसत जाते.

"वहिनी, भाभीला जरा समजवा," हसनमियां म्हणाले. "मी म्हणतो, घर मागे घेऊ, डोंगराला टेकून. भाईजान येईपर्यंत कौलं चढतील. ही म्हणते पुढेच पाहिजे. आणि हा तुमचा दामू तिचंच ऐकून माती पुढे लोटतोय."

"बाय पानी देते, ती सांगेल तसा करनार," दामू वरून म्हणाला. "तुमी चाय तरी दिलीत काय?"

"पुढून खाडी दिसते," जुलेखाबी एवढंच म्हणाली.

"खाडीत काय बघायचंय? जन्म गेला खाडीवर."

"तुमचा गेला. मी घरात असते."

मग माझ्याकडे वळून तिने सांगितलं. जुनं घर माडांच्या आड, खोलात. सासू अंथरुणाला खिळलेली, तिला टाकून बंदरावर जाता येत नाही. "लाँचचा भोंगा ऐकायला येतो, वहिनी. ते निघतात तेव्हा भोंगा वाजतो, मी चुलीपाशी असते. मग भोंगाही ऐकू येत नाही. लग्न झाल्यापासून त्यांना जाताना मी एकदा पाहिलं नाही."

आमचे हे गेले तेव्हा मी निदान एसटीच्या फाट्यापर्यंत गेले होते.

हसनमियांही जरा नरमले. "बरं, पुढे तर पुढे. उद्या चिरे आणून टाकतो. एवढा जड रणगाडा फिरलाय मातीवरून, आता काय बसायचं राहिलंय?"

ही चूक सगळेच करतात. मी विचारलं, "चिखलातून जाताना तुम्ही फळी टाकता ना? पाय रुततो, फळीवरून माणूस जातो. डोझर आपली फळी बरोबर घेऊन फिरतो. त्याचं वजन पट्ट्यांवर पसरतं. म्हणून तो रुतत नाही, आणि म्हणूनच माती फारशी दाबतही नाही. टाच मारून बघा."

त्यांनी मारली. घोट्यापर्यंत आत गेली.

"मातीत पाणी मुरलं पाहिजे," मी म्हणाले. "एक पावसाळा घेऊ दे. मग बांधा."

"म्हणजे भाईजान येतील तेव्हा घर नाही? मी त्यांना काय दाखवू, मातीचा ढीग?"

मी जुलेखाबीकडे पाहिलं. घर मागे घेतलं तर नवऱ्याच्या रजेत ती नव्या घरात राहणार होती. पुढे घेतलं तर ती रजा जुन्याच घरात जाणार, आणि पुढची कधी, ते बोटीच्या कंपनीला ठाऊक. तिने ओढणी नीट केली.

"पुढेच," ती म्हणाली. "थांबायचं मला नवीन नाही."

दामूने पातळ थर टाकत भराव चढवला. पुढच्या कडेला दगडी गडगा रचला. गावातल्या बायांनी खळ्याची चोपणी आणून कडा चोपल्या, आणि चोपताना हसनमियांची यथेच्छ चेष्टा केली.

पावसाळा सरला तेव्हा हसनमियां स्वतः रस्त्याच्या कामावरच्या आमच्या कॅम्पवर आले. "कोपरा गुडघाभर बसला, वहिनी. भिंत असती तर गेलीच असती."

खड्डा भरायला आम्ही डोझर पुन्हा नेला. काम चालू असतानाच खाडीतून याकूबमियांना घेऊन येणाऱ्या लाँचचा भोंगा आला. हसनमियांनी आईला खुर्चीसकट उचलून भरावावर आणून ठेवलं. जुलेखाबी गडग्यापाशी जाऊन उभी राहिली. दामूने त्या दिवशी मशीन आपणहून बंद केलं.

लाँच वळणातून बाहेर आली. टपावर एक माणूस उठून उभा राहिला, आणि लाँच बंदराला लागेपर्यंत खाली बसला नाही. जुलेखाबीने हात हलवला नाही. नुसती बघत राहिली.

याकूबमियांनी घराचं विचारलंच नाही. चपला काढल्या आणि त्या मातीवर आईच्या पायाशी बसले. त्यांची रजा संपून लाँच निघाली तेव्हाही जुलेखाबी तिथेच उभी होती, असं हसनमियांनी सांगितलं. मग जोतं घातलं. घर अजून उभं आहे, भिंतीला तडा नाही.

आमच्या ह्यांना त्या वर्षी रजा मिळाली नाही. कॅम्पवरून घाटाचा रस्ता दिसत नसे, तरी संध्याकाळी मी त्या बाजूला तोंड करून बसायची. आता हे नाहीत, डोझरही भंगारात गेला.

अजून कुणीकुणी सल्ला विचारायला येतात. भराव टाकला, लगेच बांधू का? मी विचारते, घरात वाट बघणारं माणूस कोण आहे? तारीख त्याला ठरवू दे. बाकीच्यांना घाई असते.